जेवणाआधीचं कडू

मनोहरराव, तुमच्या गच्चीवरचा गवती चहा कीड लागून मेला नाही. तो मी मारला.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला, मुक्तालाही नाही. पण त्या कुंडीपायी तुम्ही किती जीव आटवलात ते मी समोर बसून पाहिलं आहे. माती बदललीत. निंबोळीची पेंड घातलीत. कुंडी उन्हातून सावलीत नेलीत, सावलीतून परत उन्हात आणलीत. नर्सरीवाल्याशी भांडून दुसरं रोप आणलंत, तेही पिवळं पडलं, तेव्हा विहीणबाईंना म्हणालात की या घराले गवती चहा धार्जिणा नाही. शेजारच्या खुर्चीत बसून मी मान हलवली. त्या कुंडीला दर शनिवारी संध्याकाळी पेलाभर इटालियन दारू मिळत होती, बर्फासकट, हे त्या गच्चीवर एकट्या मला ठाऊक होतं.

तुमची तेरवी झाली. पाहुणे पांगले. मुक्ता आणि जावईबापू विहीणबाईंना बंगळुरूला चला म्हणत होते, त्या नाही म्हणाल्या. मी कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या माझ्या क्वार्टरवर परतलो. काल शनिवार होता. संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढली आणि कॉलनीच्या गेटपाशी आल्यावर उमगलं की आता जायचं कुठे. तिथेच थांबलो. वॉचमनने विचारलं, साहेब, पेट्रोल संपलं का? मी हो म्हणालो. खरं बोलायला मला एवढ्याशा गोष्टीतही जमत नाही. आज ते जमवायला बसलो आहे.

मुळापासून सांगतो. मुक्ताची आई गेली आणि दोन वर्षांनी मुक्ताचं लग्न ठरलं. बोलणी मी एकट्याने केली. म्हणजे तुम्ही बोललात आणि मी बरं म्हणालो. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा जेवायला बोलावलंत, त्या दिवशी मी जरीपटक्याच्या बाजारातून पेढ्यांचा पुडा घेऊन येताना मनाशी घोकत होतो की मुलीचं घर आहे, पानात पडेल ते खायचं. आपल्यात रीतच आहे तशी. मुलीच्या सासरी भाजीत मीठ नसलं तरी मुलीचा बाप मीठ मागत नाही. मागितलंच तर ते मुलीला पुढे वर्षभर पुरतं. मुक्ताची आई असती तर तिने मला दारातच चिमटा काढून हे सांगितलं असतं. ती नव्हती, म्हणून मी जरा जास्तच सांभाळून होतो.

तुम्ही पानावर बसवायच्या आधी मला गच्चीवर नेलंत. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, कोपऱ्यात तो हिरवागार गवती चहा. स्टुलावर दोन पेले. आत लालभडक काहीतरी, कुंकू कालवल्यासारखं, बर्फाचे मोठे खडे आणि काठावर संत्र्याची चकती.

"घ्या ना जी, इवाई," व्याह्याला तुमच्या बोलीत हाक मारून तुम्ही म्हणालात. "जेवणाच्या आधी घ्यायचं असते हे. भूक खवळते."

बाटलीवर इटालियन नाव होतं. ते तुम्ही एकदा नीट उच्चारून दाखवलंत आणि पुढे कायम तिला 'लाल' म्हणालात. रामटेकचा शेतकऱ्याचा पोरगा प्रवासी बोटीवर चढतो आणि तिथल्या बारमध्ये उमर काढतो, ही तुमची सगळी कथा मला नंतर कळली. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझ्या मुलीचा सासरा माझ्यासमोर पेला धरून उभा आहे. दारूचं मला वावडं नव्हतं. ऑफिसच्या निरोपसमारंभात मी एखादी व्हिस्की घेत असे. मी घोट घेतला.

लहानपणी हिवतापाची गोळी एकदा गिळायच्या आधीच तोंडात विरघळली होती. तीच परत आली. मग थोडं गोड, आणि गोडाच्या पाठीमागून परत तीच, जिभेच्या मुळाशी जाऊन बसलेली. डोळ्यांत पाणी यायला लागलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होतात. खाली मुक्ता पानं मांडत होती, तिच्या नव्या चुड्याचा आवाज वर येत होता.

मी म्हणालो, "वा. छान आहे."

तुम्ही खुर्चीतून उठलात. कठड्यावरून वाकून खाली ओरडलात, "अवं ऐकलं का, इवाईले लाल आवडली." मग माझ्याकडे वळून सांगायला लागलात की तुमच्या सख्ख्या भावाने ती खोकल्याचं औषध म्हणून बेसिनमध्ये थुंकली होती. शेजारच्या सेठजींनी तिच्यात कोला मागितला. पोटच्या पोराने एक घोट घेऊन सरळ सांगितलं, बाबा, मला नको. "अख्ख्या नागपुरात मले एक माणूस भेटला," म्हणालात, आणि माझा हात हातात घेतलात. लग्नातसुद्धा तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला नव्हता.

पुढच्या शनिवारी तुमचा फोन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी मी फोनची वाट पाहिली नाही.

पेला कुंडीत पहिल्यांदा कसा गेला तेही सांगतो. विहीणबाईंनी खालून हाक मारली, चिवडा घेऊन जा म्हणून. तुम्ही जिना उतरलात. तुम्ही परत याल तेव्हा पेला अर्धा दिसावा एवढाच माझा हेतू होता. हात आपोआप कोपऱ्याकडे गेला. तुम्ही वर आलात, पेला पाहिलात आणि खूश होऊन म्हणालात, "हळू जी, हे पाण्यासारखं नाही प्यायचं." नंतर ती सवय झाली. विहीणबाई दर शनिवारी हाक मारायच्याच. कधी चिवडा, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी नुसतं खाली येऊन गॅस पाहा म्हणायच्या. तेवढ्या वेळात मी ओठ ओले करून बाकीचं मातीला द्यायचो. वरून संत्र्याची चकती मात्र खायचो. ती खरंच छान लागायची.

तुम्हाला वाटेल, नव्हतं आवडत तर सांगायचं होतं. मी सोडा-लिंबू घेऊन बसलो असतो तर तुम्ही काय मला जिन्यावरून खाली ढकललं असतं? नसतं. हे मला आज कळतं. पण तेव्हा मी घरी येऊन कुलूप काढायचो तेव्हा आत कोणी नसायचं. रविवार ते शुक्रवार मी पाण्याच्या टाकीच्या आवाजात जेवत होतो. माझ्या आयुष्यात शनिवारची संध्याकाळ एवढी एकच जागा होती जिथे माझी कोणीतरी वाट पाहत होतं, आणि ती वाट अख्ख्या नागपुरात लाल आवडणाऱ्या एकुलत्या एका माणसाची होती. तो माणूस मी नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? माझी खुर्ची त्याच्या नावाची होती.

तुम्ही शिकवत होतात आणि मी शिकत होतो, हे मात्र खोटं नाही. लाल नुसत्या सोड्यात कशी बनवायची, ते मला येतं. नेग्रोनी नावाचं कॉकटेल कसं बनवायचं, तेही येतं. जिन, व्हर्मुथ म्हणजे जडीबुटीची गोड वाइन, आणि लाल, तिघी बरोबरीने, वर बर्फ, आणि चमच्याने ढवळायचं, हलवायचं नाही. "यात कोणी मोठं नाही न कोणी लहान नाही," तुम्ही म्हणायचात, "इवाया-इवायासारखं." विहीणबाईंनी व्हर्मुथ फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली म्हणून तुम्ही एकदा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतात. वरच्या सालीवरून तर तुमचं रडगाणं कायमचं. बाहेर देशात ते लोक जाड सालीचं संत्रं घेतात, सालीची पट्टी काढून पेल्यावर पिळतात आणि तिचा तेलकट वास वर तरंगतो. आपल्या संत्र्याची साल ढिली. पट्टी काढायला गेलं की हातात कातडं येतं. "आपलं संत्रं म्हणजे ढिला सदरा आहे जी," म्हणायचात. "आतला माणूस गोड, पण कापडात दम नाही." आणि लगेच पुढे, "पण वाळवली ना, तर हीच साल कडू होते. मग पाहा तिचा दम."

तुमचं एक वाक्य मात्र मी अजून विसरलो नाही. जावईबापूंच्या कंपनीतल्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट चालली होती, जो सगळ्यांना हो म्हणतो. तुम्ही शेंगदाणा सोलता सोलता म्हणालात, "जो माणूस कधी नाही म्हणत नाही, त्याच्या 'हाव'चा काय भरोसा?"

मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

मग तुमच्या घशात गाठ निघाली. रेडिएशन झालं, गाठ बसली, आणि तुमची चव गेली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू येईल. आली नाही. मीठ कळेना, साखर कळेना. विहीणबाईंनी केलेली कढी तुम्ही कोमट पाण्यासारखी प्यायचात आणि त्या आत जाऊन डोळे पुसायच्या. दारू तर कायमची बंद झाली. मला वाटलं, आता शनिवार संपले. आणि खरं सांगतो, भीतीबरोबर थोडं हायसंही वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून टोचतं.

पण तुमचा फोन आला. "या ना जी. मी नाही पिणार, तुम्ही प्या. मले पाहू तर द्या." मी आलो. तुम्ही एकच पेला बनवलात. ढवळताना तुमचा हात पूर्वीसारखाच चालत होता, माझ्याकडे सरकवलात आणि पाहत बसलात. त्या दिवशी विहीणबाईंनी हाक मारली तर तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, आता काहून बलावून राहिली, मले कुठं चिवडा खायचा आहे. स्कूटर चालवायची आहे म्हणत मी तो पेला अर्धा ठेवला.

त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमचा बेत सांगितलात. लाल आपण इथे बनवायची. इटलीची नाही, नागपूरची. वाळवलेली संत्र्याची साल, इतवारीच्या जडीबुटीवाल्याकडून कडू चिरायत्याच्या काड्या, रंगाला रतनजोत, आणि हे सगळं व्होडकात भिजत घालायचं. बोटीवर असल्यापासून डोक्यात होतं म्हणालात. ज्याने तुम्हाला हातात चमचा धरायला शिकवलं तो मडगावचा सिल्वेस्टर मास्तर तेव्हा हसला होता. तुझ्या गावच्या गोड फळातून कडू काय निघणार, म्हणाला होता. "त्याले एक बाटली द्यायची आहे," तुम्ही म्हणालात. "पण इवाई, मले तर आता काहीच लागत नाही. आता तुमची जीभ तेच माही जीभ."

मनोहरराव, इथे मी नाही म्हणायला हवं होतं. सगळ्या आयुष्यातलं एक 'नाही' मी इथे खर्च करायला हवं होतं. मी म्हणालो, "आनंदाने."

गच्चीवर विहीणबाईंच्या जुन्या लुगड्यावर साली पसरल्या गेल्या. सगळ्या घराला आंबूस-गोड वास यायला लागला. काचेच्या बरण्या ओळीने लागल्या. आणि तुम्ही माझ्यासमोर पेला ठेवणं सोडून चमचा धरायला लागलात.

पेला कुंडीत ओतता येतो. चमचा कुठे ओतणार? तुमचे डोळे माझ्या तोंडावर. तुम्ही विचारायचात, कडू कुठे लागून राहिलं? पुढं का मागं? किती वेळ राहते? नंतर संत्रं येते की नाही? माझ्या तोंडात पहिल्या बरणीचा चमचा गेला तेव्हा मला वाटलं आता उलटी होईल. त्या एका चमच्यात किती चिरायता होता, देव जाणे. मी कसाबसा गिळला.

"सांगा."

"छान आहे," मी म्हणालो. "फक्त कडू थोडं कमी चालेल."

तुम्ही मान डोलावलीत. पुढच्या बरणीत काड्या कमी झाल्या. मला तीही सोसेना. मी परत म्हणालो, अजून जरासं कमी. तुमचा त्यावर वाद होता. "कडूले गोड करू नये जी," तुम्ही म्हणालात. "कडूच्या बाजूले गोड बसवावं. दोघं आपापल्या जागी राहिले पाहिजेत." मी म्हणालो, लोकांना प्यायची आहे, मनोहरराव. तुम्ही म्हणालात, लोकांसाठी कोण बनवून राहिलं? तो वाद आपला अजून तिथेच आहे. वादात तुम्ही हटला नाहीत. पण तुमच्याकडे जीभ नव्हती, माझ्याकडे होती. म्हणून दर बरणीला तुम्ही वादात जिंकलात आणि काड्या मात्र कमी करत गेलात.

मला नेमकं कळत होतं मी काय करतो आहे. तुमची बाटली माझ्या सोयीची होत चालली होती. पोराला खाववेल एवढीच मेथी घालून शेवटी मेथीचं नाव उरावं, तशी. आणि तुम्ही माझ्या प्रत्येक खोट्या शब्दाला हातातल्या कामाने उत्तर देत होतात.

शेवटची बरणी मला आवडली. खरोखर आवडली. मी पहिल्यांदा मनापासून वा म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "या 'वा'ले दम आहे." तुम्ही ती गाळलीत, बाटलीत भरलीत, बुचावर मेण लावलंत.

माझी ऑफिसच्या मंडळींबरोबर गोव्याची सहल ठरलेलीच होती. तुम्ही बाटली तुमच्याकडे राहून गेलेल्या माझ्याच जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून दिलीत. सिल्वेस्टर मास्तरांना पत्र टाकून कळवू का, असं विहीणबाईंनी विचारलं तर नको म्हणालात. अचानक जाऊ द्या. त्याने आधी प्यायची, मग नाव ऐकायचं.

मडगावात मी एका दुपारी बाकीच्यांना बाजारात सोडून त्या पत्त्यावर गेलो. चर्चच्या मागची गल्ली, लाल कौलांचं घर, पुढे बसायचा सोपा. सोप्यावर म्हातारा बसला होता, बनियनवर, मांडीवर ताट घेऊन चिंचा सोलत. पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी फाटकाशी उभा राहिलो. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं घडून गेलं: हा माणूस बूच काढणार, एक घोट घेणार, आणि विचारणार की हे सरबत कोणी केलं? मनोहरने? त्याची जीभ गेली का? मग मला सांगावं लागणार की हो, गेली, आणि त्याने माझी वापरली.

त्याने मान वर केली. "कोण जाय?" कोण पाहिजे, असं त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "घर चुकलं."

बाटली घेऊन मी परत आलो. संध्याकाळी तुमचा फोन आला. मी समुद्रावर होतो, वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं, पण तुमचा प्रश्न नीट ऐकू आला.

"देली का?"

"दिली."

"प्यायला का तो?"

"हो. माझ्यासमोर."

"काय म्हणला?"

मला दुसरा शब्दच येत नाही, मनोहरराव. मी म्हणालो, "छान म्हणाला."

तुम्ही म्हणालात, "छान म्हणला? सिल्वेस्टर कधी छान म्हणत नाही." आणि मग तुम्ही हसलात. "म्हातारा झाला तो बी. नरम पडला." आणि म्हणालात, "बरं झालं जी, इवाई. लय बरं झालं."

मी नागपुरात आलो तोवर तुम्ही साली पोत्यात बांधून ठेवायला सांगितल्या होत्या. बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. काम झालं होतं. पुढे गाठ परत आली तेव्हाही तुम्ही दवाखान्यात नर्सला सांगत होतात की आमच्या संत्र्याची लाल गोव्यापर्यंत पोचली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. त्या बाईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ती बाटली तेव्हा माझ्या कपाटात होती, त्याच स्वेटरमध्ये.

कधी वाटतं, बरंच झालं. तुम्ही समाधानाने गेलात. माझ्या खोट्याने एवढं तरी केलं. पण ते समाधान तुमचं नव्हतं, मी तुम्हाला घातलेलं होतं. तुम्ही चाळीस बंदरं पाहिलेला माणूस. तुम्हाला सिल्वेस्टरची शिवी पचली असती. शिवी खाऊन तुम्ही दुसऱ्या दिवशी परत साली पसरल्या असत्या, लुगड्याच्या दोन्ही टोकांना विटा ठेवून. ते दिवस मी तुमच्याकडून घेतले.

तेरवीच्या दिवशी पंगत उठल्यावर विहीणबाई मला वर घेऊन गेल्या. गच्चीवर दोन्ही खुर्च्या तशाच होत्या. त्यांनी इटलीची जुनी बाटली काढून दिली, तळाला दोन पेले होतील एवढी लाल उरली होती. बरण्या लागल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. म्हणाल्या, "तुम्हीच घेऊन जा. या घरात ती कोन पिणार?" मग कुंडीकडे पाहून म्हणाल्या, "ते लय एकटे पडले असते. बोटीवरून आल्यावर त्याहिले इथं कोणी समजून घेतलंच नाही. पोराले फोनवर सांगत, माहा इवाई बोलते कमी, पण जिभेचा खरा आहे."

मी खाली पाहत उभा राहिलो. त्यांना वाटलं मला रडू येतं आहे. त्यांनी पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मला सुपारी दिली.

काल स्कूटर गेटवरून परत आणली आणि गॅलरीत बसलो. गॅलरीच्या कठड्यावर राखेचा पातळ थर होता, तो फडक्याने पुसला. एकच पेला मांडला. बर्फ, लाल, सोडा, संत्र्याची चकती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे चमच्याने ढवळलं. शेजारी कुंडी नव्हती. खालून हाक मारणारं कोणी नव्हतं. ऊन उतरत होतं आणि रस्त्याने कोळशाचे ट्रक ओळीने चालले होते.

पहिला घोट तसाच. हिवतापाची गोळी. मी थुंकलो नाही, गिळलाही लवकर नाही. तोंडात धरून बसलो. तुम्ही विचारायचात ना, कडू पुढे का मागे. आधी मागे लागतं, मग हळूहळू सगळीकडे पसरतं. बराच वेळ राहतं. आणि ते उतरायला लागतं तेव्हा खालून संत्रं वर येतं, गोड नाही, सालीचं, नखात अडकलेल्या सालीचा वास येतो तसं. ते तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी दर वेळी हो म्हणायचो. ते खरंच येतं. मला माहीत नव्हतं.

पेला संपवला. पहिल्यांदाच. आवडला असं म्हणणार नाही. तुमच्यासमोर आता एक तरी गोष्ट खरी राहू दे. कडू आहे, मनोहरराव, फार कडू आहे, आणि मला अजून ते सोसत नाही. पण मी शेवटपर्यंत प्यायलो.

मग कपाटातून तुमची बाटली काढली, मेण काढलं, एक चमचा घेतला. लहान मुलांना देतात ते संत्र्याच्या गोळीचं पाणी. रंग तेवढा तुमचा. त्यात कडवटपणा शोधला, जिभेच्या मुळापर्यंत शोधला. नव्हता. मी तो काढायला लावलाच होता.

आणि तेवढ्यात भूक लागली. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात ते. इतकी की सकाळची भाकरी होती ती ठेच्याबरोबर उभ्यानेच खाल्ली, आणि मग भात लावला. मुक्ताची आई गेल्यापासून या घरात मला अशी भूक लागली नव्हती. तुमच्या गच्चीवर लागायची ती गप्पांमुळे असं मी समजत होतो.

किती काड्या होत्या हे तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाही. पण प्रत्येक बरणीला मी कमी म्हणालो की तुम्ही माझ्यासमोर किती काड्या मोजून वगळल्यात ते मला आठवतं. ते उलटं मोजत गेलो तर तुमच्या पहिल्या बरणीपर्यंत पोचता येईल. इतवारीतला जडीबुटीवाला माहीत आहे. साली अजून पोत्यात आहेत. विहीणबाईंकडे त्या मागायला गेलो की का हव्यात ते सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर ती खुर्ची माझी राहील की नाही, ते मला माहीत नाही.

तर मी तुमचं एवढं देणं लागतो. तुमच्या बाटलीतून जेवढं कडू मी काढायला लावलं तेवढं परत घालून ती सिल्वेस्टर मास्तरांच्या हातात द्यायची. ते प्यायल्यावर जे म्हणतील ते तसंच्या तसं विहीणबाईंना सांगायचं, शिवी असली तर शिवी. आणि गवती चहाची दोन रोपं.